चाळीसच्या पुढचा आवाज

५ जानेवारी, रविवार

तौफिक, लिहायला फार उशीर झाला. रागावू नकोस. परदेशी गॅरेजात कामाला जाताना तू ही वही हातात दिलीस आणि म्हणालास, अब्बा, फोनवर तुम्ही अर्धं विसरता आणि मग आठवडाभर चडफडत बसता. आठवेल तसं यात लिहा, रविवारी मला वाचून दाखवा. मी वही घेतली, पेटीवर ठेवली आणि महिनाभर तिला हात लावला नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या म्हाताऱ्याने रोज काय लिहायचं? आज बसलो, कारण दोन गोष्टी झाल्या. सलग दुसरा रविवार तुझा फोन आला नाही. आणि गाडी आवाज करू लागली.

काटा चाळीसच्या खाली असेपर्यंत काही नाही. चाळीसच्या पुढे गेला की मागून, कोणी तोंड मिटून रडावं तसं हूं हूं सुरू होतं. पाय दिला की वाढतं, पाय सोडला की उतरतं. काल जळगावला जाऊन आलो, जाताना आणि येताना दोन्ही वेळा झालं. तुझी अम्मी शेजारी होती. म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही. तुम्हाला तर भिंतीतली वाळवीसुद्धा ऐकू येते."

मला घाबरायला कारण आहे. तुझ्या बहिणीला, रुखसारला, सत्तावीस तारखेला धुळ्याहून घरी नशिराबादला आणायचं आहे. त्यानंतर डॉक्टरीणबाई तिला प्रवास करू देणार नाहीत. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, लिहिलं की माझ्या डोक्यात सरळ बसतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. मागच्या खेपेला आपण भाड्याची जीप केली, ती पारोळ्याच्या पुढे बंद पडली, पोरगी उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली आणि घरी पोचायच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून तिची सासू म्हणते, भाड्याच्या गाडीत मी सुनेला पाठवणार नाही. तुमची स्वतःची धडधाकट गाडी दारात आली तर घेऊन जा. एसटीला डॉक्टरीणबाई नाही म्हणतात. रेल्वेने आणावं तर चाळीसगावला गाडी बदलायची, जिने चढायचे. म्हणजे हीच गाडी.

तू जाताना म्हणाला होतास, "अब्बा, दीड-दोन महिने गाडीकडे बघायची गरज नाही. तोवर मी तिकडून तिच्यासाठी एक वस्तू पाठवतो." मी तुझ्या अम्मीला म्हटलं, सीटचे कव्हर पाठवणार असेल. मग आताच हे काय सुरू झालं?

८ जानेवारी

निंबा मिस्त्रीकडे गाडी नेली. हायवेवर त्याचा पत्र्याचा गाळा आहे, तुझ्या ओळखीचा. तो मूळचा शिंदखेड्याकडचा, बोलतो अहिराणीच. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "चाचा, बठ्ठं ठीक शे." म्हणजे सगळं ठीक.

मी म्हटलं, "बसून तर बघ. गाडी रडते."

"गाडी रडत नही शे. तुम्ही रडी राह्यनात."

गाळ्यावर चहा पिणारे दोघे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. शेवटी तो बसला. नेमका तेव्हाच हायवेवर ट्रकांची रांग, काटा पस्तीसच्या वर जाईना. तो माझ्याकडे बघतो, मी काट्याकडे बघतो. परत आलो. म्हणाला, मोकळ्या रस्त्याला घेऊन या, नाहीतर घरी जाऊन कान साफ करा.

घरी येऊन कानात कोमट तेल घातलं. काय करणार.

१२ जानेवारी, रविवार

फोन नाही. तुला पाठवलेल्या निरोपाला एकच खूण लागते, दुसरी लागत नाही. तुझ्या अम्मीने फोन खिडकीत ठेवून पाहिला.

आज गाडी धुतली. मागची सीट काढली तेव्हा एक वास आला. गोडसर, करपलेला, पिकायच्या खोलीतून जास्त झालेली केळी बाहेर काढावी तसा. चाळीस वर्षं केळीच्या टोळीत घड कापले, मग टेम्पोवर केळीच वाहिली, त्यामुळे माझ्या नाकात दुसरा वासच उरला नसेल. अम्मीला बोलावून विचारलं तर ती उखडली. म्हणाली, "केळीचं नाव काढू नका. तौफिक जायच्या आदल्या दिवशी वेफर तळायला दोन फण्या कच्ची केळी आणवली होती. तेल तापवून बसले, तर फण्या गायब. म्हणतो, मित्राला दिल्या. आईच्या हातचे वेफर सोडून मित्राला केळी." अजून तिच्या मनातून ते गेलेलं नाही. फोन येईल तेव्हा तिची समजूत काढ.

त्या दिवशी तू सकाळपासून गाडीखालीच होतास. कपडे तेलाने माखलेले. मी म्हटलं, उद्या विमानात बसायचं आणि आज हे काय. तू म्हणालास, जाता जाता बघून घेतो. एवढी काळजी घेतलीस आणि तरी हा आवाज. माझंच नशीब.

१४ जानेवारी

निंबाला आवाज ऐकू आला. मला इतकं बरं वाटलं की रस्त्यातच त्याचा हात धरला. आज सणामुळे रस्ता रिकामा होता. पन्नासला गेलो आणि मागून हूं सुरू झालं. निंबा मागच्या सीटवर आडवा झाला, फरशीला कान लावला. उठून म्हणाला, "माले बी ऐकू येस." मग दिवसभर त्याने कारण शोधलं. मी लाकडी खोक्यावर बसून बघत होतो.

आधी टायर. पुढचे मागे, मागचे पुढे केले. आवाज तसाच. मग मागची चाकं उचलून हाताने फिरवली, बेअरिंग बघितली. गुळगुळीत. मग गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा हलवून बघितला, त्याच्या सांध्यांत ढिलाई नाही. शेवटी गाडी ठोकळ्यांवर चढवली, मला आत बसवून गिअर टाकायला लावला आणि स्वतः खाली पडून लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवलं, मूठ कानाला लावली. डॉक्टर छातीवर ऐकतात तसं. गिअरबॉक्सवर ऐकलं, मधल्या बेअरिंगवर ऐकलं, आणि मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो तिथे बराच वेळ थांबला.

"बठ्ठं दुखणं आठे शे," म्हणाला. इथेच.

त्या गोळ्यात दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाचा फेर तिथे वळतो आणि मागच्या चाकांना मिळतो. ते दात झिजले की पाय दिल्यावर असाच आवाज येतो. मी विचारलं, धुळ्याला जाऊन येईल का? म्हणाला, उघडल्याशिवाय सांगणार नाही. आणि उघडायला त्याला रविवारपर्यंत वेळ नाही, दोन ट्रॅक्टर आधीचे आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

रुखसारच्या सासूचा फोन आला. म्हणाली, "हबीबभाई, सत्तावीसचं पक्कं ना? गाडी बरी आहे ना?"

मी म्हटलं, एकदम बरी.

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. जीप अजमेरला जाऊन आली आहे, काही होत नाही म्हणे."

मग रुखसार बोलली. तिचा आवाज लहान झाला आहे. म्हणाली, अब्बा, मला घरी यायचं आहे, अम्मीच्या पलंगावर झोपायचं आहे. मग म्हणाली, तौफिकला सांगा, त्याची भांडखोर बहीण त्याची वाट बघते. त्याचा फोन येत नाही हे मी तिला सांगितलं नाही.

दुपारी मशिदीतून येताना भूपेंद्रची आई भेटली. भूपेंद्रही तिकडेच कामाला आहे. तो म्हणाला म्हणे की तौफिक आता त्या गॅरेजात नसतो, कुठे असतो माहीत नाही. मी घरी येऊन अम्मीला सांगितलं की तुला बहुतेक मोठ्या गॅरेजात घेतलं, आणि नव्या जागी फोन लावायला वेळ मिळत नसेल. ती शिवणयंत्रावर बसून रुखसारच्या बाळासाठी दुपटं शिवत राहिली. लाल काठ लावते आहे.

१९ जानेवारी, रविवार

आज जे बघितलं ते नीट लिहितो.

निंबाने गोळ्याचं खालचं बूच उघडलं. तेल मोकळं यायला पाहिजे. ते आलंच नाही. मग काकवीसारखं काळं, जाड, लोंबत लोंबत बाहेर आलं आणि त्यात केसासारखे धागे. वास सुटला. निंबाने नाकावर फडकं धरलं. मी मात्र बसलोच. बोटाने थोडं उचललं, अंगठ्यावर चोळलं. तौफिक, हा चिकटपणा माझ्या बोटांवरून चाळीस वर्षं गेला नव्हता. मी म्हटलं, "निंबा, ही केळी आहेत. कच्ची भरली होती, आत शिजली."

त्याला पटेना. मग मी त्याला सांगितलं. आमच्या टेम्पोच्या लाईनीत हे चालायचं. गोळा घरघर करायला लागला की त्यात कच्ची केळी कोंबायची. गर आणि चीक दातांमध्ये गच्च बसतो, गाडी महिना-दीड महिना मुकी होते. तेवढ्यात विकून मोकळं व्हायचं. नंतर केळी जळून जातात आणि आवाज आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

निंबा म्हणाला, "आखो महाराष्ट्रमा हाई फक्त तुमना जळगाववालाच करतीन."

मग तेल भरायचं वरचं बूच त्याने काढलं तेव्हा त्याला दोरा गुंडाळलेला होता. शिवायचा, लाल. तेल झिरपू नये म्हणून कोणीतरी अगदी सारखे वेढे दिलेले. निंबाने तो उजेडात धरला. "हाई काम कोनं शे? हात चांगला शे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बूच फडक्यावर ठेवलं.

मला एकच नाव सुचलं. मोतीलाल. चाळीसगावचा तो दलाल, ज्याच्याकडून आपण गाडी घेतली.

२० जानेवारी

मोतीलालला फोन लावला आणि तोंडाला आलं ते बोललो. त्याची बायको, मुलं सगळी काढली. माझ्या वयाला शोभत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, गाडी घेऊन तुम्हाला चार वर्षं झाली. केळं चार वर्षं राहतं का? तुम्ही तर केळीतले. तुम्हीच सांगा."

मी फोन ठेवला.

संध्याकाळी अम्मीला सांगितलं, मोतीलालने गोळ्यात केळी भरून फसवलं. ती दुपटं घडी करत होती. म्हणाली, "मग त्यालाच फसवू द्या. आता भांडण वाढवू नका." तिला एरवी माझ्यापेक्षा जास्त राग येतो. आज का नाही आला कोणास ठाऊक. जेवणही तिने थोडंच केलं.

२२ जानेवारी

निंबाने आतले दात पुसून दाखवले. कडा उडालेल्या. दातेरी चाकांचा नवा जोड पाहिजे, आणि या जुन्या गाडीचा जोड आता बनत नाही. धुळ्याच्या भंगारबाजारात जुना मिळाला तर. त्याने तिघांना फोन केले. एकाकडे आहे, पण दातांची गिनती जुळत नाही.

मी विचारलं, असंच नवं तेल भरून हळू नेलं तर? म्हणाला, जाईल. येईल की नाही ते सांगत नाही. आणि आवाज आता इतका येईल की धुळ्याच्या गल्लीत लोक खिडक्या उघडतील.

म्हणजे समधन, रुखसारची सासू, ऐकणार. ऐकली की रुखसारला बसू देणार नाही. बसू दिलं आणि पारोळ्याच्या पुढे दात तुटले तर? दोन्हीकडून मीच. आज नमाज पढताना रकातींची गिनती चुकली, परत पढलो, परत चुकली.

तुला आणखी तीन निरोप पाठवले. एकच खूण.

२४ जानेवारी, शुक्रवार

निंबा आज स्वतः धुळ्याला गेला, भंगारबाजार बघायला. गाळ्याची किल्ली माझ्याकडे देऊन गेला. जुम्याची नमाज झाली आणि मी सरळ घरी आलो नाही. शेजारच्या वाडीतून कच्च्या केळीची एक फणी मागून घेतली. घरून माझी घड कापायची सुरी आणि अम्मीच्या शिवणयंत्रावरची रीळ खिशात घातली, कारण बुचाला दोरा लागतो. कोणाला काही सांगितलं नाही.

माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. गाडी मुकी करायची, समधनच्या दारात नेऊन उभी करायची, रुखसारला बसवायचं आणि अल्लाचं नाव घेत चाळीसच्या खाली घरी आणायचं. एवढा एक दिवस निघाला की झालं.

गाळ्यात गाडी ठोकळ्यांवर होती. खाली सरपटत गेलो. या वयात ते जमत नाही, पाठ अडकली. भोक लहान असतं, केळं सोलून बोटाएवढे तुकडे करावे लागतात. चिकाने हात बरबटले, सुरी निसटू लागली. एक तुकडा आत ढकलला. दुसरा ढकलला. पाय दारात दिसतील म्हणून आत ओढून घेतले. मग विचार केला, दोरा आधीच तयार ठेवावा. निंबाच्या फडक्यावर ते बूच होतं, त्याला तो जुना दोरा चिकटलेला. खिशातून रीळ काढली आणि त्याच्याशेजारी धरली.

लाल. तोच लाल.

मी किती वेळ तिथे पडून राहिलो माहीत नाही. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "चाचा, खाली झोपलात का?" मी म्हटलं, हो, झोपलोय.

आत ढकललेले दोन्ही तुकडे वाकड्या तारेने बाहेर काढले. पुढचं आज लिहवत नाही.

२५ जानेवारी

काल घरी आलो तर अम्मी दारातच होती. यंत्रावर रीळ नव्हती, तिने शोधली असणार. मी ती तिच्या हातावर ठेवली. रिळीला चीक लागला होता. तिने पाहिलं, पदराने पुसली आणि म्हणाली, "तुम्हाला कळू नये असं मला वाटत होतं. त्याला तुमच्या काळजीचीच काळजी होती."

"तुला कधीपासून माहीत?"

"मोतीलालचं नाव तुम्ही घेतलंत तेव्हापासून. मला वेफरांचं तेल आठवलं."

तौफिक, ही केळीची गोष्ट मीच तुला सांगितली होती. टेम्पोत शेजारी बसायचास तेव्हा. तू विचारलं होतंस, अब्बा, मग गाडीचं पोट दुखत नाही का. दात गेलेले तुला दिसले असतील. मला सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं, रोज रडगाणं गायलं असतं, तेही तुला माहीत होतं. तिकडून पाठवायची वस्तू म्हणजे तो जोडच ना? आणि मी सीटचे कव्हर समजून बसलो. तू सगळं बरोबर योजलं होतंस. फक्त पुढे तुझं काय झालं ते मला माहीत नाही.

आज सकाळी मी समधनला फोन केला. अम्मीने नंबर लावून फोन हातात दिला. मी म्हटलं, "बहेन, गाडी बरी नाही. मागचे दात गेलेत. मी काल ती केळी भरून मुकी करणार होतो आणि तुमच्या दारात आणणार होतो. केलं नाही. पण करणार होतो." तुझं नाव घेतलं नाही.

ती मग म्हणाली, "केळी? गाडीत?"

"हो."

"या अल्ला. जळगाववाल्यांना भाजी करायला सुचत नाही का." मग म्हणाली, "नूरबीबहेनला इकडे पाठवा. सोमवारच्या एसटीने. बाळंतपण इथेच होईल, आईने इथे येऊन करावं."

मी म्हटलं, पहिलं बाळंतपण सासरी? आणि आईने लेकीच्या सासरी राहायचं, खायचं? लोक काय म्हणतील?

"लोकांना माझ्याकडे पाठवा. ती तिखट खाते की कमी?"

"तिखट."

"मग जमेल."

रुखसार फोनवर रडली. तिला घरी यायचं होतं. मी तिला म्हटलं, अम्मीचा पलंग येऊ शकत नाही, अम्मी येते आहे. ती रडता रडता गप्प झाली.

२७ जानेवारी, सोमवार

अम्मीला जळगावच्या स्टँडवर सोडून आलो. रिक्षाने गेलो. तिने डिंकाचे लाडू, दुपटी आणि तुझी लहानपणीची झबली घेतली. खिडकीतून म्हणाली, "दूध उघडं ठेवू नका. आणि पोराला लिहा की कोणी रागावलेलं नाही." आजच्याच दिवशी मी गाडी घेऊन त्या रस्त्याला लागणार होतो. एसटी वळली, माणसं चढली-उतरली, आणि मी तिथेच उभा.

निंबा धुळ्याहून रिकाम्या हाताने आला. गाडी त्याच्या गाळ्यामागे ठोकळ्यांवर उभी आहे. तो म्हणाला, चाचा, सापडेल कधीतरी, घाई करू नका. केळी कोणी भरली ते त्याने आजही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मोतीलालला मात्र फोन करून माफी मागितली. त्याला काही समजलं नाही, पण बरं म्हणाला.

आता घरात मी एकटा आहे आणि काही वाजत नाही. इतके दिवस तो हूं बंद व्हावा म्हणून जीव टाकत होतो. आता फोन वाजावा म्हणून बसलो आहे.

तौफिक, काल भूपेंद्रची आई पुन्हा भेटली. तिला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, तुमच्या पोराला त्या गॅरेजने महिन्यातच काढलं, तो कोणाच्या तरी खोलीत दिवस काढतो आणि कोणाला तोंड दाखवत नाही. हे खरं असेल तर ऐक. जोड पाठवू नकोस. कव्हरही पाठवू नकोस. गाडीला काही नको. तू केळी का भरलीस ते मला गाडीखाली पडून कळलं, कारण माझ्याही हातात सुरी होती. एका माणसाला दुसऱ्याची एवढी काळजी असली की तो असंच काहीतरी करून बसतो. तसाच आता तू फोन बंद करून बसला आहेस, म्हणजे आम्ही मुक्या गाडीत बसल्यासारखे निवांत राहू. आम्ही निवांत नाही रे.

काम नसेल तर नाही म्हण. यायचं असेल तर ये, टेम्पोवर अजून मला ओळखणारे आहेत. मार्चमध्ये तुझ्या बहिणीचं बाळ येईल, त्याच्या कानात अजान द्यायला कोणी तरुण माणूस पाहिजे, माझा आवाज फाटतो. जमलं नाही तरी चालेल. लांब लिहू नकोस. नुसतं आहे म्हणून पाठव, दोन अक्षरं. मी फोन खिडकीतच ठेवला आहे. लवकर पाठव.